अलाइनमेंट करूनही गाडी पुन्हा डावीकडेच ओढते? कशानंतर काय तपासायचं

पावसाळा सरला की आमच्या कराडच्या गॅरेजात एक तक्रार हमखास सुरू होते. "गाडी डावीकडे खेचतेय. अलाइनमेंट केलं, आठवडाभर बरं वाटलं, परत पहिल्यासारखंच." मग दुसऱ्या दुकानात अलाइनमेंट, मग नवे टायर, मग पुन्हा अलाइनमेंट. यातला बराचसा खर्च वाचतो, पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात बसली पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागची दोन चाकं जोडणारी आडवी तुळई) असतो. अशा गाडीत अलाइनमेंटवाल्याला कंपनीने बदलायला ठेवलेला एकच कोन असतो, तो म्हणजे पुढच्या चाकांचा टो. आणि गाडी एका बाजूला ओढते ती सहसा टोमुळे नाही.

टो म्हणजे वरून पाहिल्यावर पुढची दोन चाकं समांतर आहेत, आत वळलेली आहेत की बाहेर. दोन्ही चाकं एकाच रॅकला, म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर डावी-उजवी सरकणाऱ्या दांडीला, जोडलेली असतात. त्यामुळे एका चाकाचा टो बिघडला तरी गाडी चालू लागली की ती चूक दोघांत वाटली जाते. गाडी सरळच जाते, पण स्टिअरिंग तिरकं दिसतं आणि टायर खाल्ले जातात. ओढण्यामागची कारणं वेगळी आहेत: कॅम्बर, कॅस्टर, टायर आणि ब्रेक.

कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर चाक सरळ उभं आहे की कललेलं. रुपयाचं नाणं कलतं करून फरशीवर सोडलं की ते कललेल्या बाजूला वळत जातं. चाकाचंही तसंच. माथा बाहेर कलला असेल तर चाक बाहेरच्या बाजूला वळू बघतं. दोन्ही चाकं सारखीच कललेली असली तर ओढ एकमेकांत मिटते. फरक पडला की ज्याचा माथा जास्त बाहेर, त्या बाजूला गाडी जाते.

कॅस्टर बाजूने पाहायचा. चाक ज्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष वरच्या टोकाला थोडा मागे झुकलेला असतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं आणि वेगात गाडी थाऱ्यावर राहते, ते मुख्यतः या झुकावामुळे. एका बाजूचा कॅस्टर कमी झाला की गाडी त्या बाजूला ओढते. कॅम्बर असो वा कॅस्टर, डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाचा फरक पडला तरी चालवणाऱ्याच्या हाताला कळतो.

हे कोन आपोआप बदलत नाहीत. काहीतरी वाकलेलं असतं, झिजलेलं असतं किंवा सरकलेलं असतं. टो कितीही वेळा लावला तरी वाकलेला लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी भुजा) सरळ होत नाही. मग आठवडाभर बरं का वाटतं? कारण अलाइनमेंटच्या दुकानात त्याच फेरीत हवा सारखी केली जाते आणि बहुतेकदा टायरही पुढे-मागे होतात.

आधी लक्षण नीट पकडा

गाडी गॅरेजात न्यायच्या आधी ती नेमकी कधी आणि कशी ओढते हे पाहून ठेवा. मेकॅनिकचा अर्धा वेळ वाचतो आणि तुमचे पैसेही.

- सरळ रस्त्यावर पकड ढिली केली की सतत एकाच बाजूला जाते: हवा, टायर, अडकलेला ब्रेक, कॅम्बर किंवा कॅस्टर.
- गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग तिरकं राहतं: पुढचा टो, किंवा मागच्या चाकांची दिशा.
- फक्त ब्रेक दाबल्यावर ओढते: कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग), नाहीतर लोअर आर्मचा फाटलेला रबरी बुश.
- रेस दिल्यावर एका बाजूला आणि पाय काढला की दुसऱ्या बाजूला: बुश किंवा जॉइंट ढिला. चाक पुढे-मागे सरकतंय.
- उजव्या वळणानंतर उजवीकडे, डाव्या वळणानंतर डावीकडे: स्ट्रटच्या वरचं बेअरिंग जाम, किंवा एखादा जॉइंट अडकतोय.
- ओढत नाही पण वेगात भरकटते, सारखं सावरावं लागतं: टो बाहेर गेलाय, कॅस्टर कमी झालाय किंवा जॉइंट ढिले आहेत.

टायरवरून हातही फिरवून बघा. आतून बाहेर फिरवला तर गुळगुळीत आणि बाहेरून आत आणला तर धार लागते, किंवा याच्या उलट, असं असेल तर टो बिघडलाय. एकच कड गुळगुळीत झाली असेल आणि धार लागत नसेल तर कॅम्बरकडे बघा. दोन्ही कडा झिजलेल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर हवा कायम कमी राहिलीय.

८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं हा मात्र वेगळा विषय आहे. ते बॅलन्सिंग, नाहीतर वाकलेलं रिम. ओढणं आणि थरथरणं एकत्र करून सांगितलं की मेकॅनिक भलतीकडे जातो.

१. रस्ता तर ओढत नाही ना?

खर्च शून्य, आणि हे कुणीच करत नाही. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता केलेला असतो. जास्त पावसाच्या भागात हा उतार साधारण अडीच टक्के, म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनमध्ये जवळपास ९ सेंटिमीटर. आपण डावीकडून चालतो, म्हणून दुपदरी रस्त्यावर धडधाकट गाडीही हात सोडल्यावर हळूहळू डावीकडेच जाते.

खात्री करायला रिकामं, सपाट मैदान किंवा बाजार नसलेल्या दिवशीचं मोठं आवार शोधा. एकाच पट्ट्यावरून गाडी एकदा जाताना आणि एकदा येताना चालवा. जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे गेली तर दोष जमिनीच्या उताराचा. दोन्ही वेळा डावीकडेच गेली तर दोष गाडीचा. जोराचा वारा असेल त्या दिवशी ही चाचणी करू नका. आणि हात ढिले ठेवा, सोडू नका.

२. हवा, तीही थंड टायरमध्ये

ज्या बाजूला हवा कमी, त्या बाजूला टायर जास्त दबतो, जास्त अडतो आणि गाडी तिकडे जाते. पुढच्या दोन टायरांत ४-५ पीएसआयचा फरक पुरेसा होतो. हवेचा आकडा टायरवर शोधू नका, तिथे कमाल मर्यादा लिहिलेली असते. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. तोही थंड टायरचा. पंपावर २० किलोमीटर चालवून पोचलात तर गेज काही पीएसआय जास्त दाखवणारच. स्वतःचं साधं गेज घ्या आणि सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजा. एकाच टायरची हवा वारंवार कमी होत असेल तर आधी पंक्चर किंवा व्हॉल्व्ह बघा. पुढचं सगळं नंतर.

३. टायरांची अदलाबदल

मला सगळ्यात आवडणारी चाचणी हीच. जॅक आणि पाना एवढ्यावर होते आणि उत्तर जवळजवळ पक्कं देते. टायरच्या आतले पट्टे बनवताना जरासे एका बाजूला सरकलेले असतील तर टायर बाहेरून नवाकोरा दिसतो, पण फिरताना एका बाजूला वळत राहतो. कुठल्याही अलाइनमेंट मशीनला हा दोष दिसत नाही. मशीन फक्त कोन मोजतं.

पुढचं डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावा. मग त्याच मैदानात त्याच पट्ट्यावर चालवा. ओढ बाजू बदलते किंवा नाहीशी होते, तर दोष टायरचा. तो टायर मागे टाका, मागे तो फारसा त्रास देत नाही. ओढ जशीच्या तशी त्याच बाजूला राहिली तर टायर सुटला, पुढे चला. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डावं-उजवं करू नका, त्याच बाजूचं पुढचं आणि मागचं बदलून पाहा.

चाक काढलंच आहे तर टायरची आतली भिंतही बघून घ्या. कुठे फुगवटा दिसला तर चाचणी तिथेच थांबवा आणि स्टेपनी लावा. एकाच अ‍ॅक्सलवर दोन वेगळ्या नक्षीचे, किंवा एक नवा आणि एक निम्मा झिजलेला टायर असेल तर आधी तो प्रश्न सोडवा. चाक बसवताना नट समोरासमोरचे असे आलटून-पालटून आवळा आणि पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा तपासा.

४. ब्रेक धरून राहतोय का?

पावसाळ्यात कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिनांत चिखल-पाणी जातं, रबराचं बूट फाटलेलं असतं, आणि पॅड डिस्कला घासत राहतो. गाडी त्या बाजूला ओढते, मायलेज पडतं, पण आवाज येईलच असं नाही.

८-१० किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर शक्यतो ब्रेक न वापरता चालवा. शेवटी गाडी हळू होऊ देऊन थांबवा. आता हाताची मागची बाजू प्रत्येक रिमच्या जवळ न्या. डिस्कला हात लावायचा नाही, कातडी तिथेच राहील. पुढच्या दोघांपैकी एक रिम स्पष्ट जास्त तापलं असेल तर ते चाक धरतंय. मग गाडी थंड झाल्यावर ते चाक जॅकवर घेऊन न्यूट्रलमध्ये हाताने फिरवा आणि दुसऱ्या बाजूशी ताडून बघा.

पिना साफ करणं तसं सोपं काम आहे, फक्त ग्रीस सिलिकॉनचं लागतं. साधं पिवळं ग्रीस रबर फुगवतं आणि दोन महिन्यांत पिन पुन्हा जाम. पण ब्रेक स्वतः कधी उघडले नसतील तर शिकायला ही जागा निवडू नका. पिस्टन अडकलेला असणं किंवा ब्रेकचा होज आतून सुजलेला असणं, ही गॅरेजचीच कामं.

५. टेप आणि ओळंबा

आता कोनांकडे. गवंड्याचा ओळंबा आणि मोजायचा टेप एवढ्यावर बरंच कळतं. सपाट फरशी हवी, स्टिअरिंग सरळ हवं, डिकी रिकामी हवी. गाडी थोडी पुढे-मागे ढकलून मग मोजायला घ्या, म्हणजे स्प्रिंग आपल्या जागी बसते.

पहिलं माप उंचीचं: चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही ठिकाणी. पुढच्या डाव्या-उजव्यात १० मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर स्प्रिंग बसलीय, किंवा तिचा खालचा वेढा तुटलाय. तुटलेला वेढा खालच्या कपात लपतो. टॉर्च मारून बोट फिरवल्याशिवाय दिसत नाही.

दुसरं माप डाव्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून डाव्या मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, मग तेच उजवीकडे. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. (जगात अपवाद आहेत. फ्रान्सच्या रेनो ४ मध्ये मागचे टॉर्शन बार एकापुढे एक आडवे बसवल्यामुळे दोन बाजूंचं अंतर जवळपास ५ सेंटिमीटरने वेगळं होतं, तेही कारखान्यातूनच. आपल्याकडच्या सर्वसाधारण गाड्यांत असं नसतं.) डावीकडचं अंतर १० मिलिमीटरने कमी भरलं तर डावं चाक मागे ढकललं गेलंय. लोअर आर्म वाकलाय, किंवा त्याचा मागचा बुश गेलाय. आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा बॉल जॉइंट ५-६ मिलिमीटर मागे गेला तरी कॅस्टर साधारण अर्धा अंश कमी होतो. इतका बारीक फरक टेपवर सांगता येत नाही, मोठा वाक मात्र हमखास सापडतो.

आमच्या भागात डावा आर्म उजव्यापेक्षा जास्त वेळा वाकलेला मिळतो, त्याला कारण आहे. उसाच्या हंगामात समोरून दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला की साइडपट्टीवर उतरावं लागतं. उतरताना फारसं काही होत नाही. परत चढताना डावं चाक डांबराच्या तुटक्या कडेवर आपटतं, तो दणका सरळ मागच्या दिशेने जातो. चिपळूणकडे जाताना कुंभार्ली घाटातल्या पावसाळी खड्ड्यांचं काम याच जातीचं. डावं चाक मागे गेलं, डावीकडचा कॅस्टर कमी झाला, गाडी डावीकडे. "काही अपघात झाला का?" म्हटलं तर मालक नाही म्हणतो, आणि त्याच्या हिशेबाने ते खरंच असतं.

तिसरं माप कॅम्बरचं. ओळंब्याची दोरी मडगार्डवरून चाकासमोर सोडा, टायरला टेकू देऊ नका. रिमच्या वरच्या कडेपासून दोरीचं अंतर मोजा आणि मग खालच्या कडेपासून. १४ इंची रिमवर एक अंश म्हणजे साधारण साडेसहा मिलिमीटरचा फरक. दोन्ही बाजूंची मापं कागदावर लिहा. आपल्याला अचूक अंश नको आहेत, डावं आणि उजवं यांची तुलना हवी आहे. दोन बाजूंत ३ मिलिमीटरहून जास्त तफावत आली तर ओढण्याचं कारण बहुधा सापडलं.

६. चाक जॅकवर घेऊन हलवणं

गाडी जॅकवर उचला आणि खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली घालायचा नाही. स्टँड नसेल तर हे काम गॅरेजात करा.

चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. मग डावीकडे-उजवीकडे धरून हलवा. खेळ इथे असेल तर रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या टाय रॉडचं बाहेरचं टोक (टाय रॉड एंड) किंवा आतलं (रॅक एंड). टाय रॉडच्या जोडावर बोटं ठेवून दुसऱ्याला चाक हलवायला सांगितलं की कुठला ते बोटांनाच कळतं. रॅक एंड रबराच्या बुटात असतो, तो बुटावरून चाचपायचा.

बुशसाठी टॉर्च घ्या. लोअर आर्मचा मागचा मोठा बुश वरून शाबूत दिसतो, पण पहारीने आर्म हलक्या हाताने पुढे-मागे दाबला की रबराची चीर उघडते. ब्रेक दाबल्यावर ओढणारी आणि रेस सोडल्यावर दिशा बदलणारी गाडी बहुतेक वेळा इथेच सापडते. चाक जागेवर राहतच नाही, मग उभ्या गाडीत लावलेला टो चालत्या गाडीत टिकणार कसा? "अलाइनमेंट टिकत नाही" या तक्रारीचं हे सगळ्यात मोठं कारण.

नवा बुश टाकूनही सहा-आठ महिन्यांत परत फाटतो, अशीही गाऱ्हाणी येतात. बहुतेकदा दोष बुशचा नसतो. चाकं हवेत लटकत असताना बुशचे बोल्ट शेवटचे आवळलेले असतात. गाडी खाली आली की आर्म वर जातो आणि रबर कायम पिळलेलं राहतं. बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोनदा दाबायची, आणि मगच पूर्ण आवळायचे. मेकॅनिकला हे बोलून दाखवा. चांगला असेल तर त्याला राग येणार नाही.

७. स्ट्रटच्या माथ्यावरचं बेअरिंग

वळणानंतर त्याच बाजूला ओढत राहणाऱ्या गाडीसाठी. इंजिन चालू ठेवून एकाने उभ्या गाडीचं स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. दुसऱ्याने पुढच्या स्प्रिंगवर तळहात टेकवायचा, बोटं वेढ्यांच्या मध्ये घालायची नाहीत. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंग स्ट्रटबरोबर सहज फिरते. जाम असेल तर स्प्रिंग पिळली जाते आणि मध्येच टण्णकन सुटते. तो झटका हातालाही कळतो आणि आवाजही येतो.

बेअरिंग फार महाग नसतं, पण ते बदलायला स्प्रिंग दाबून धरावी लागते. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरू शकतो. स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर भाड्याने आणून घरी करायचं हे काम नाही.

८. आता अलाइनमेंट, पण कागदासकट

वरचं सगळं झाल्यावर, ढिले-वाकलेले भाग बदलल्यावर अलाइनमेंट. दुकानात शिरताच आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंट मिळतील का विचारा. नाही म्हणाले तर दुसरं दुकान. प्रिंटमध्ये चारही चाकांचे आकडे हवेत. फक्त पुढची दोन चाकं मोजून मागच्या बीमची दिशा कळत नाही. बीम तिरका असेल तर गाडी अंग तिरकं करून चालते आणि स्टिअरिंग सरळ कधीच राहत नाही.

कामावरही थोडं लक्ष ठेवा. सेन्सर किंवा टार्गेट लावल्यावर रिमच्या वाकडेपणाची भरपाई करायला गाडी थोडी पुढे-मागे ढकलतात, किंवा चाक उचलून फिरवतात. ते टाळलं तर पुढचे आकडे बेभरवशाचे. पुढची चाकं फिरत्या तबकड्यांवर हवीत आणि तबकड्यांच्या पिना काढलेल्या हव्यात. कॅस्टर मोजायचा असेल तर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना ठरावीक अंशात वळवावं लागतं. बरीच दुकानं इथेच वेळ वाचवतात आणि कॅस्टरची जागा रिकामी सोडतात. ओढण्याची तक्रार घेऊन गेलेल्याला नेमका तोच आकडा हवा असतो, म्हणून आधीच सांगून ठेवा.

कागद हातात आला की हिरवं-लाल बघत बसू नका. डावा आणि उजवा आकडा शेजारी ठेवून वजा करा. दोन्ही हिरव्यात असूनही एक वरच्या टोकाला आणि दुसरा खालच्या टोकाला असेल तर गाडी ओढणारच.

प्रिंटवर किंगपिनचा कलही असेल, म्हणजे चाक वळण्याच्या अक्षाचा समोरून दिसणारा आतला झुकाव (काही मशीन त्याला एसएआय म्हणतात), तर वाकलेला भाग कागदावरच सापडतो. कॅम्बर बिघडलाय पण किंगपिनचा कल दुसऱ्या बाजूइतकाच आहे, तर स्ट्रट किंवा नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग) वाकलंय. कॅम्बर जेवढा वाढला तेवढाच किंगपिनचा कल घटला, तर नकल ठीक आहे. मग लोअर आर्म वाकलाय, क्रॉस मेंबर (लोअर आर्म ज्याला जोडलेले असतात ती आडवी फ्रेम) सरकलाय किंवा बॉडीतला स्ट्रटचा टॉवर (स्ट्रटचं वरचं टोक बसतं तो भाग) हललाय. एका चाकाचा कॅम्बर वाढला आणि दुसऱ्याचा तेवढाच कमी झाला तर क्रॉस मेंबरवर पहिला संशय घ्या. क्लचचं काम करून आलेल्या काही गाड्यांत असं सापडतं. काही मॉडेलांत गिअरबॉक्स उतरवायला क्रॉस मेंबर सोडावा लागतो आणि परत लावताना तो बोल्टच्या भोकांत काही मिलिमीटर इकडे-तिकडे बसतो. बोल्ट ढिले करून जागेवर सरकवला की ओढ जाते, एकही नवा भाग लागत नाही. म्हणून "अलीकडे कुठलं मोठं काम झालं?" हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारतो.

या गोष्टींना नाही म्हणा

हायड्रॉलिक अवजार लावून स्ट्रट वाकवून कॅम्बर आणून देणारी दुकानं बरीच आहेत. स्क्रीनवर आकडा हिरवा होतो. पण शॉकअपचा रॉड आणि नळी एका रेषेत राहत नाहीत, सील गळायला लागतं, आणि मुळात आर्म वाकलेला असेल तर आता दोन भाग वाकलेले झाले. कॅम्बर थोडा बदलता यावा म्हणून मिळणाऱ्या कॅम्बर बोल्टचं तसं नाही. सगळे भाग शाबूत असून थोडाच फरक उरला तर तो रास्त उपाय आहे. वाकलेला भाग झाकायला मात्र तो वापरू नये.

तिरकं स्टिअरिंग सरळ करायला ते काढून एक दाता सरकवून बसवू देऊ नका. रॅक मध्यावर राहत नाही, एका बाजूला गाडी कमी वळते, आणि तिथे एअरबॅगचं वायरिंग असतं. सरळ करायचं ते टाय रॉडवरून, दोन्ही बाजू सारख्या फिरवून.

स्पीड ब्रेकरला पोट घासतं म्हणून स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाकले असतील, तर आधी काढा आणि मग तक्रार मोजा. गाडी उचलली की चाकांचा कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात, खड्ड्यावरून जाताना टो आणखी डोलतो. बाहेर आलेली रुंद अलॉय चाकं आणि स्पेसर यांचंही असंच. वळण्याच्या अक्षापासून टायरचा मध्य दूर गेला की प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक ब्रेक स्टिअरिंगला हिसका देतो, कोन कितीही बरोबर असले तरी.

कुठे थांबायचं

बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडमध्ये खेळ सापडला तर गाडी चालवत नेऊ नका, टोइंग व्हॅनने न्या. बॉल जॉइंट निसटला तर चाक दुमडतं आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. स्टिअरिंग मध्येच अडकत असेल, ब्रेकचं ऑइल गळत असेल, रिम हात जवळ नेता येणार नाही इतकं तापत असेल, तरीही तेच.

टॉवर हललाय किंवा चॅसी वाकलीय असा संशय आला तर साध्या गॅरेजचं काम संपलं. त्यासाठी बॉडी मोजायचा बेंच असलेलं अपघात दुरुस्तीचं ठिकाण लागतं. वापरलेली गाडी घेऊन लगेच हे सापडलं असेल तर बेंचचा रिपोर्ट आधी हातात घ्या, दुरुस्तीवर पैसा टाकायचा की नाही ते मग ठरवा. टॉर्शन बीम वाकला असेल तर बदलायचा, गरम करून सरळ करून घ्यायचा नाही.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत सगळे कोन बरोबर, टायर बरोबर, ब्रेक मोकळे आणि तरीही ओढ असेल, तर मोटर एका बाजूला हलकासा जोर लावत असू शकते. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणला नसेल तर काही गाड्यांत स्थिरता नियंत्रणाचा दिवाही लागतो. स्कॅनर असलेल्या माणसाकडे जा. रॅक बदलायला सांगणाऱ्याला आधी स्कॅन करायला लावा.

सगळं दुरुस्त झाल्यावरही सुरुवातीला थोडी ओढ राहिली तर लगेच परत धावू नका. महिनोन्महिने चुकीच्या कोनात चाललेला टायर त्या झिजेचा आकार घेऊन बसलेला असतो आणि सरळ चाकावरही जुन्या सवयीने वळतो. ती टायरची जोडी मागे टाका, मागचे पुढे आणा, आणि मैदानातली तीच फेरी पुन्हा मारा.